जुनी भारी गॅस ग्रिल: ओळखायची कशी, किंमत लावायची कशी

कोल्हापुरात जुनी परदेशी गॅस ग्रिल विकायला निघते ती बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून: पन्हाळ्याच्या वाटेवरचं एखादं फार्महाऊस, मालक बदललेलं रिसॉर्ट, नाहीतर आखातातून किंवा अमेरिकेतून सगळं बिऱ्हाड घेऊन परतलेलं घर. विकणारा सांगतो, “इंपोर्टेड आहे, फुल स्टील आहे, पाच बर्नर आहेत.” या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही ग्रिल भंगाराच्या भावाची असू शकते. उलटही होतं. चरबीनं माखलेली, जाळ्या सडलेली, कोपऱ्यात टाकून दिलेली ग्रिल दोन दिवसांच्या कामानंतर पुढची दहा वर्षं चालेल अशी निघते.

किंमत ठरते ती मॉडेल कुठलं, ती कुठल्या गॅससाठी बनली आहे आणि आतली पेटी शाबूत आहे का यावर. चौथी गोष्ट खास आपल्या गावाची: खराब झालेला भाग उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात) करून मिळणारा आहे की परदेशातूनच मागवावा लागणारा आहे? सडलेली जाळी ही इथे किरकोळ बाब आहे, अडकलेला कॉक (नॉबमागची गॅसची झडप) नाही. पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक नेमकं उलटं समजतो, म्हणून तिथले भाव इथे जसेच्या तसे लावू नयेत.

बघायला जाताना सोबत घ्या: लोहचुंबक, टॉर्च, जाडी मोजायचा व्हर्नियर, टोकदार स्क्रूड्रायव्हर, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, स्लाइस ब्रेडचा एक पुडा. शक्य असेल तर आपला भरलेला सिलिंडर, कमी दाबाचा रेग्युलेटर आणि आयएसआय खुणेची नळीही. “गॅस संपलाय, नाहीतर पेटवून दाखवली असती” हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं.

आधी पाटी शोधा

झाकणावरचं नाव म्हणजे ओळख नव्हे. खरी ओळख छोट्या धातूच्या पाटीवर किंवा चिकटपट्टीवर असते. ती दाराच्या आतल्या बाजूला, मागच्या पत्र्यावर, चरबीच्या ट्रेच्या वर-खाली किंवा सिलिंडरच्या कप्प्यात सापडते. चरबी चढली असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवून हळू पुसा. थिनर लावू नका, छपाई निघून जाते. मॉडेल, सिरियल नंबर, गॅसचा प्रकार, दाब आणि एकूण बीटीयू किंवा किलोवॅट (ग्रिल किती उष्णता देते त्याचं माप) या पाच गोष्टींचा स्वच्छ फोटो काढा.

वेबर या अमेरिकन कंपनीच्या मॉडेलच्या नावातलं अक्षर झाकण सांगतं: ई म्हणजे इनॅमलचं, एस म्हणजे स्टेनलेसचं. पहिला आकडा बर्नरचा. म्हणजे ई-३१० ही इनॅमल झाकणाची तीन बर्नरची ग्रिल. जेनेसिस ही त्यांची मालिका १९८५ पासून चालू आहे आणि तिच्यात वय ओळखण्याची एक सोपी खूण आहे. २०१० पर्यंतच्या जेनेसिसचे नॉब उजव्या बाजूच्या टेबलावर असत, २०११ पासून ते समोर आले. त्याबरोबर बर्नरची दिशा आणि लांबीही बदलली, त्यामुळे आधीच्या ग्रिलला नंतरचे बर्नर बसत नाहीत. २०१७ ला जेनेसिस टू आली. विकणारा “चार-पाच वर्षांची” म्हणत असेल आणि नॉब बाजूला असतील, तर बोलणं तिथेच संपलं.

नेपोलियन या दुसऱ्या कंपनीच्या मॉडेल नंबरात जोडलेले जादा भागच लिहिलेले असतात. पी-५०० च्या पुढे ‘आर’ म्हणजे मागचा रोटिसरी (फिरत्या सळईवर भाजण्याचा) बर्नर, ‘एसआयबी’ म्हणजे बाजूचा इन्फ्रारेड बर्नर. त्यापुढचं ‘पी’ किंवा ‘एन’ हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: पी म्हणजे प्रोपेन, एन म्हणजे नॅचरल गॅस. लिंक्स, वुल्फ, फायर मॅजिक, कालामाझू, हेस्टन ही त्याहून वरची रांग. डीसीएसच्या ग्रिलवर फिशर अँड पायकेल हे नाव दिसलं तर बिचकू नका, त्यांनी २००४ मध्ये डीसीएस विकत घेतली.

पाटीच नसेल तर? मग ती ग्रिल बिननावाची समजून भाव करा, झाकणावर कुठलाही बिल्ला असो. पाटीशिवाय सुटे भाग मागवता येत नाहीत.

कुठल्या गॅसची आहे

या एका प्रश्नानं किंमत निम्मी होऊ शकते. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबानं बाहेर पडतो. अमेरिकन प्रोपेन ग्रिल ११ इंच पाण्याच्या दाबासाठी, म्हणजे सुमारे २७ मिलिबारसाठी बनलेली असते. हा फरक थोडा आहे. आपल्या एलपीजीत ब्युटेन असल्यामुळे ज्योतीला पिवळी टोकं येतात, ती बर्नरच्या तोंडाची हवेची पट्टी थोडी उघडली की बहुधा जातात. युरोप किंवा आखातातल्या ग्रिलवर ३० मिलिबार लिहिलं असेल तर उत्तमच. ३७ मिलिबार प्रोपेनसाठी असेल तर ज्योत थोडी मंद मिळेल. जर्मनी-ऑस्ट्रियाकडची ५० मिलिबारची ग्रिल मात्र आपल्या रेग्युलेटरवर बसकी जळते, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) बदलावेच लागतात.

नॅचरल गॅसच्या ग्रिलचं जेट एलपीजीपेक्षा मोठं असतं. सारख्याच उष्णतेसाठी भोकाचा व्यास साधारण दीडपट लागतो. अशी ग्रिल एलपीजीला जोडली तर गॅसचा लोट येतो, ज्योत फूटभर उडते, झाकण लागलेलं असेल तर भडका होतो. एलपीजीचं जेट बहुतेक एक मिलिमीटरच्या आसपास असतं. पाटी एक सांगते आणि जेट दुसरंच दिसतं असं वाटलं तर ड्रिलची बारीक बिटं घालून माप घ्या. कुणीतरी भोक ‘थोडं मोठं’ करून ठेवलेलं असतं, आणि त्या भोकाची कड खडबडीत असते. ते जेट फेकायचंच. कंपनीचं बदली किट मिळत नसेल, तर नॅचरल गॅसची ग्रिल ज्याच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यालाच घेऊ द्या.

अमेरिकन नळीचं प्लॅस्टिकचं मोठं तोंड आपल्या सिलिंडरला बसत नाही. ती नळी आणि रेग्युलेटर काढून टाकायचेच. ग्रिलच्या बाजूचा सांधा बऱ्याचदा ३/८ इंची फ्लेअरचा (पसरट तोंडाचा, नटानं आवळायचा) असतो. त्यावर बसणारं पितळी नोझल टर्नरकडून करून घेता येतं. फ्लेअरच्या सांध्याला टेफ्लॉन टेप गुंडाळायची नसते. तो धातूवर धातू बसून बंद होतो, टेपमुळे उलट गळतो.

हॉटेलच्या भट्टीचा फिरता, जास्त दाबाचा रेग्युलेटर या ग्रिलला कधीही लावू नये. रिसॉर्टवरून आलेल्या ग्रिलमध्ये हा प्रकार हमखास झालेला असतो. खुणा ओळखीच्या आहेत: नॉबच्या मागचं पॅनेल काळवंडलेलं, नॉबच्या कडा वितळलेल्या, कॉक फिरवताना कोरडा लागतो. अशा ग्रिलचे सगळे कॉक बदलायचे आहेत असं धरूनच भाव सांगा.

स्टील कुठलं

चुंबक लावून बघणं हा अर्धाच उपाय आहे. स्टेनलेसच्या ४३० ग्रेडला चुंबक घट्ट चिकटतो, ३०४ ला चिकटत नाही. पण कमी निकेलच्या २०२ लाही तो चिकटत नाही, आणि स्वस्त ग्रिलमध्ये नेमकं तेच वापरतात. शिवाय ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो, तिथे चुंबक हलकासा ओढला जातो. म्हणून सपाट भागावर, मधोमध लावून बघा. ३०४ आणि २०२ मधला फरक कळायला स्टीलचे व्यापारी वापरतात ते थेंबाचं किट पुरतं: थेंब टाकून बॅटरी लावली की मँगनीज जास्त असलेलं २०२ लालसर रंग दाखवतं. तपासणी आतल्या बाजूला करा, समोर डाग पाडू नका. मोठी रक्कम गुंतत असेल तर एमआयडीसीतल्या धातू-परीक्षण प्रयोगशाळेत विचारा. मात्र एक्सआरएफ गननं (क्ष-किरणांनी, डाग न पाडता धातू ओळखणाऱ्या यंत्रानं) तपासायला सांगा. फाउंड्रीतला स्पेक्ट्रोमीटर ठिणगी पाडून तपासतो आणि पत्र्यावर जळका ठिपका ठेवतो.

झाकणावर पिवळट-निळसर छटा असेल तर घाबरू नका, तापलेल्या स्टेनलेसचा तो रंग आहे. तांबूस, चहासारखे ठिपके आणि त्यांच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर ग्रिल समुद्राकाठची. मालवण-गोव्याकडून वर आलेल्या ग्रिलची ही खूण. पॉलिशनं ठिपके जातात, खड्डे राहतात आणि तिथूनच गंज परत येतो. गगनबावड्याकडची ग्रिल वेगळी सडते. तिचा वरचा भाग चांगला दिसतो, पण सतत ओल राहिल्यानं खालचा तळपत्रा आणि चाकांचे नट गेलेले असतात. ग्रिलची चाकांची गाडी एका बाजूनं दोन इंच उचला. पाय लवत असतील तर तळ संपला आहे.

पेटी: इथे वेळ घालवा

बर्नर ज्या पेटीत बसतात ती ग्रिलचा कणा. बाकी सगळं बदलता येतं, ही बदलायची म्हणजे जवळजवळ नवी ग्रिल घ्यायची. जाळ्या, बर्नरवरच्या पट्ट्या, ट्रे सगळं बाहेर काढायला सांगा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर आग्रह धरा.

अॅल्युमिनियमच्या ओतीव पेटीला गंज लागत नाही, पांढरी भुकटी धरते. ती खरवडून खाली धातू घट्ट लागला तर ठीक. कोपऱ्यात आणि बर्नर टेकतात त्या खाचांत केसासारखी भेग आहे का ते टॉर्च तिरपा धरून बघा. पत्र्याच्या पेटीत बोल्टच्या भोवती स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. पत्रा चुरचुरला किंवा टोक आत शिरलं की विषय संपला. जाडी व्हर्नियरनं मोजा. भारी ग्रिलमध्ये दुहेरी झाकण आणि जाड पत्रा असतो. झाकण उचलतानाच हाताला वजन कळतं, आणि बंद करताना ‘ठप्प’ असा भरीव आवाज येतो.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत असतील तर विकणाराही ते रंग उडाला असं समजतो. बहुतेक वेळा तो रंग नसतोच, साठलेल्या धुराची आणि चरबीची जळलेली साल असते. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडली की खाली अखंड इनॅमल निघतं. हे तुम्हाला माहीत असणं म्हणजे भावात मोठा फायदा. इनॅमलच्या जाळीचे टवके उडालेले असणं मात्र खरा दोष आहे, कारण ती काचच असते आणि खाण्यात येऊ शकते.

पेटीत एकाच बाजूचा पत्रा वाकलेला, तिथल्या वायरी कडक होऊन तुटणाऱ्या, झाकण एका कोपऱ्यात न बसणारं, असं दिसलं तर चरबीनं पेट घेतला होता. आपल्याकडे तेलाचा, कांदा-लसणाचा मसाला लावलेलं मटण भाजतात, तेल भरपूर ठिबकतं आणि ट्रे महिनोन्‌महिने साफ होत नाही. मिठाचा आणि दह्या-लिंबाचा ओला मसाला जाळीवर तसाच राहिला तर स्टेनलेसही खातो.

बर्नर आणि कॉक

बर्नर उचलून प्रकाशाकडे धरा. भोकं एकसारखी गोल हवीत. दोन भोकं फुटून एक झालेली असतील तर तो बर्नर गेला. पितळी किंवा ओतीव बर्नर वर्षानुवर्षं टिकतो. पातळ नळीचा बर्नर हा झिजणाराच भाग समजावा. इन्फ्रारेड बर्नरच्या सिरॅमिक फरशीला आरपार भेग असेल तर तो वापरू नका, ज्योत आत ओढली जाते.

मग बर्नरच्या हवेच्या तोंडात टॉर्च मारा. सहा महिने बंद पडलेल्या ग्रिलमध्ये कोळ्याचं जाळं असतंच, आणि आपल्याकडे कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. नळी अर्धी बुजली की गॅस पुढे न जाता मागे फिरतो आणि नॉबच्या मागे पेट घेतो. बाटली धुण्याच्या लांब ब्रशनं हे दहा मिनिटांत साफ होतं, त्यामुळे किंमत कमी करायला हे कारण पुरेसं नाही. पण साफ केल्याशिवाय पेटवायचं नाही.

प्रत्येक कॉक दाबून फिरवा. चाल मऊ आणि सारखी हवी. अडखळणारा कॉक ग्रीस लावून सुरू करण्याच्या फंदात पडू नका.

पेटवून बघणं

1. उघड्यावर, सगळे नॉब बंद ठेवून सिलिंडर जोडा. वॉल्व्ह उघडा. सगळ्या सांध्यांवर, नळीवर आणि कॉकच्या दांड्यांवर साबणाचं पाणी मारा आणि दोन मिनिटं थांबा. बुडबुडा वाढत असेल तर तिथेच थांबायचं. काडी लावून गळती शोधायची नाही.
2. झाकण उघडं ठेवूनच पेटवा. एकेक बर्नर स्वतंत्र, मग शेजारचा शेजाऱ्यावरून पेटतो का ते बघा. स्पार्क येत नसेल तर आधी बॅटरीचा सेल बदला. अमेरिकन ग्रिलचं रोटिसरी मोटर आणि दिवे १२० व्होल्टचे असतात, ते आपल्या २३० च्या प्लगमध्ये घालू नका.
3. झाकण लावून सगळे बर्नर मोठे करा. दहा-पंधरा मिनिटांत चांगली ग्रिल २६० अंशांच्या पुढे जाते. झाकणावरचा काटा खरा आहे का ते घरी उकळत्या पाण्यात बघता येतं. कोल्हापूर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा १०० ची वाट बघू नका.
4. आच मध्यम करून जाळीभर ब्रेडचे स्लाइस शेजारी-शेजारी मांडा. मिनिटभरानं त्याच क्रमानं उलटे करा. कुठे काळा, कुठे पांढरा, हा ग्रिलचा नकाशाच झाला. मागची एक ओळ फिकी असेल तर चालतं. एका बर्नरची अख्खी पट्टी पांढरी राहिली तर तो बर्नर किंवा त्याचं जेट बघायचं.

सगळे बर्नर लावले की ज्योत बसते, हा दोष ग्रिलचाच असेल असं नाही. ४०,००० बीटीयूची ग्रिल म्हणजे सुमारे ११.७ किलोवॅट, तासाला साधारण ८५० ते ९०० ग्रॅम गॅस. घरगुती रेग्युलेटर दोन-तीन बर्नरच्या शेगडीसाठी असतो, आणि १४.२ किलोचा सिलिंडर अर्ध्याच्या खाली आला की थंड पडून तेवढा गॅस देऊ शकत नाही. आधी भरलेल्या सिलिंडरवर खात्री करा. हॉटेलात वापरायची असेल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच लागतो, घरगुती चालत नाही.

इथे काय करून मिळतं

बर्नरवरच्या उलट्या व्ही आकाराच्या पट्ट्या ३०४ च्या दीड ते दोन मिलिमीटर पत्र्यातून लेझर कटिंग आणि बेंडिंग करून मिळतात, मूळ पट्टी नमुना म्हणून द्या. जाळी ८ मिलिमीटरच्या ३०४ सळईची, आर्गॉन वेल्डिंगनं. सळई ३०४ चीच आहे ना, ते थेंबानं तपासून घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा सळई कुठल्याही कारणानं आत वापरू नका, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

बिडाची जाळी हवी असेल तर सुटी कामं घेणारी फाउंड्री शोधा. जुनी जाळीच साच्यासाठी दिली तर नवी थोडी लहान येते, कारण बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. ४८० मिलिमीटरची जाळी ४७५ च्या आसपास निघते आणि पेटीच्या कडेवरून आत पडते. कडेला तेवढी भर लावूनच साचा करायला सांगा. ही जाळी बिनइनॅमलची असते. बिडाच्या तव्यासारखं तेल लावून, तापवून मुरवावी लागते.

बर्नर, कॉक, जेट आणि इग्निशन मात्र मूळच हवेत. बर्नरच्या भोकांचा व्यास आणि संख्या थोडी चुकली तरी ज्योत उचलते किंवा मागे फिरते. हे भाग मागवताना परदेशातल्या छापील किमतीच्या दुप्पट रक्कम धरून चाला, वाहतूक आणि कर त्यात येतात.

आकडेमोड

जुन्या बिलाकडे बघू नका. आज त्याच तोडीची नवी ग्रिल केवढ्याला मिळते तिथून सुरुवात करा. दोन-तीन वर्षांची, पाटी आणि बिल असलेली, चालू ग्रिल असेल तर आमच्या मते नव्याच्या ५५ ते ६० टक्के. पाच-सात वर्षांची, पेटी निकोप असेल तर ४० ते ४५. दहा वर्षांच्या पुढे फक्त ओतीव पेटीची किंवा खऱ्या ३०४ ची ग्रिल २० ते २५ टक्क्यांची, बाकीच्या भंगार. त्यातून दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करायचा.

समजण्यापुरते आकडे घेऊ. तीन बर्नरची गाडीवाली ग्रिल, तोडीच्या नव्या ग्रिलची किंमत १,५०,००० रुपये, वय पाच वर्षं, पेटी चांगली. ४५ टक्क्यांनी ६७,५०० होतात. तीन बर्नर मागवायला १४,०००, इग्निशन ४,०००, पट्ट्या उद्यमनगरात ५,०००, नळी-रेग्युलेटर-नोझल आणि मजुरी ३,५००. एकूण २६,५०० वजा जाता उरले ४१,०००. पेटवून बघता आली नसेल तर आणखी दहा टक्के कमी करा, म्हणजे ३७,००० च्या आसपास. बोलायला सुरुवात ३२,००० पासून करावी आणि हिशेब कागदावर लिहून समोर ठेवावा. विकणारा “चाळीस तरी द्या” म्हणाला तर कुठला खर्च जास्त धरलाय ते त्यानं दाखवावं. अशी घासाघीस दोघांनाही पटते.

ओट्यात बसवायची, गाडी नसलेली ग्रिल असेल तर गिऱ्हाईक फार थोडे, म्हणून वरच्या आकड्यातून चौथा हिस्सा तरी कमी. शिवाय ओट्याला खालच्या बाजूनं झरोके ठेवण्याचा खर्च धरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो, आणि वरची जाळीची खिडकी त्याला बाहेर काढत नाही.

सगळ्यात खालची किंमत म्हणजे स्टेनलेसचं भंगार. ग्रिल वजनकाट्यावर घालून त्या दिवशीचा ३०४ चा दर विचारा. बिननावाच्या ग्रिलसाठी त्याच्या वर फार जाऊ नये.

नेताना जाळ्या, पट्ट्या आणि सिरॅमिकचा बर्नर काढून गोणपाटात वेगळे बांधा, झाकण दोरीनं आवळा आणि सिलिंडर त्याच टेम्पोत ग्रिलला जोडलेला ठेवू नका. घरी उतरवल्यावर सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी पुन्हा मारा. रस्त्याच्या हादऱ्यांनी फ्लेअरचा नट अर्धा आटा सैल होतो, आणि तेवढंच गळतीला पुरतं.